आईची पिशवी काढलीय, आता डॉक्टर इस्ट्रोजेन घ्या म्हणतायत. पिशवीच नाही तर हे हार्मोन कशाला?

खानापूरची_लेक

नमस्कार सगळ्यांना. जरा लांबलचक लिहायलेय पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला कळायचं नाही म्हणून.

माझी आई 43 वर्षांची. नंदगडच्या पुढं आमचं गाव, घरात दोन म्हशी आणि थोडी भातशेती. दोन वर्षांपूर्वी तिच्या अंगावरून लई जायचं, महिन्यातले पंधरा पंधरा दिवस, रक्त सातवर आलेलं. बेळगावात एका खाजगी दवाखान्यात दाखवलं तर गाठी आहेत म्हणाले, मुलं झालीत ना मग पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. आम्हीपण हो म्हटलं. ऑपरेशन झालं, घरी आली, रक्त वाढलं, सगळ्यांना बरं वाटलं.

पण टाके वाळायच्या आधीच तिच्या अंगातून वाफा निघायला लागल्या. छातीपासून वर मानेला, तोंडाला एकदम गरम व्हायचं, दोन-तीन मिनिटं घाम आणि मग हुडहुडी. जानेवारीत आमच्याकडं काय थंडी असते तुम्हाला म्हाईत आहे, त्या थंडीत रात्री दोन वाजता ही बाहेर कट्ट्यावर बसलेली, पदर घामानं ओला, मला वाटलं ताप आहे म्हणून थर्मामीटर लावलं तर काहीच नाही. झोप गेली. सारखी चिडचिड, आणि मग रडायचं. जी बाई कधी आवाज चढवून बोलली नाही ती म्हशीवर ओरडायला लागली.

यावर्षी पावसात गोठ्यातल्या ओल्या फरशीवर पाय घसरला, हात टेकला आणि मनगट मोडलं. हाडाच्या डॉक्टरांनी प्लॅस्टर घातलं आणि एक्सरे बघून विचारलं, आईंचं वय काय? या वयात एवढ्याशा पडण्यानं हाड मोडायला नको, लेडीज डॉक्टरांना दाखवा. दाखवलं, तर त्या म्हणाल्या इस्ट्रोजेन सुरू करूया.

आता घरात दोन तट पडलेत. आत्ती म्हणते, "हार्मोनच्या गोळीनं कॅन्सर होतो, आणि पिशवी काढल्यावर असंच असतंय, माझ्या जावेचंबी असंच झालं, सोसायचं." बाबा गप्प. आई म्हणते आता मला काय पोरं व्हायची आहेत का, मग पोरं होण्याचं हार्मोन मी कशाला घेऊ. आणि खरं सांगायचं तर मलाही याचं उत्तर देता येईना. पाळीचं हार्मोन आणि मनगटाच्या हाडाचा काय संबंध? कुणाला माहिती असेल तर प्लीज नीट सांगा.

हुक्केरीची_सिस्टर

पोरी, मी तेहतीस वर्षं स्टाफ नर्स होते, त्यातली बरीच बाळंतिणींच्या वॉर्डात, आता रिटायर. आधी एक काम कर. आईचा डिस्चार्जचा कागद काढ आणि ऑपरेशनचं नाव काय लिहिलंय बघ. टीएएच एवढंच असलं तर नुसती पिशवी काढलीय. पण त्याच्यापुढं बीएसओ अशी तीन अक्षरं असली तर पिशवीबरोबर दोन्ही बाजूची अंडाशयं आणि नळ्यासुद्धा काढल्यात. तू सांगतेस त्यावरून मला दुसरंच वाटतंय पण कागद बघितल्याशिवाय बोलणार नाही.

आपल्याकडं बायका सगळ्याला मिळून पिशवीच म्हणतात आणि घोटाळा तिथंच होतो. पिशवी म्हणजे गर्भाशय, बाळ वाढतं ती जागा. इस्ट्रोजेन ती बनवत नाही. ते बनवतात अंडाशयं, पिशवीच्या दोन बाजूंना बदामाएवढी दोन असतात ती. नुसती पिशवी गेली तर पाळी बंद होते, पण अंडाशयं आपलं काम करत राहतात, वाफा येत नाहीत. (कधी कधी ती चार दिवस आधी थकतात ते वेगळं.) अंडाशयं गेली की मात्र हार्मोन एका रात्रीत बंद.

ज्या बाईची पाळी आपोआप जाते तिचं कसं असतं, विहिरीचं पाणी उन्हाळ्यात उतरतं तसं, रोज थोडं थोडं, चार-पाच वर्षं, शरीराला सवय होत जाते. तुझ्या आईच्या बाबतीत झालं असेल तर भरल्या विहिरीची मोटर कुणीतरी अचानक काढून नेली असं झालंय. म्हणून टाके वाळायच्या आधी वाफा.

आणि आईला सांग हे नुसतं पोरं होण्याचं हार्मोन नाही. पोरं होणं हे त्याचं एक काम. मेंदू, हाडं, रक्तवाहिन्या, कातडी, लघवीची पिशवी, सांधे, सगळीकडं त्याला धरणाऱ्या जागा असतात. डोक्यात शरीराचं तापमान सांभाळणारं एक केंद्र आहे, इस्ट्रोजेन असताना ते इकडंतिकडं थोडं चालवून घेतं. ते नसलं की अंग जरासं तापलं तरी त्याला वाटतं लई गरम झालं, मग कातडीतल्या नसा फुलवतं आणि घाम सोडतं. ती वाफ ती हीच. ताप नसतोच, म्हणून तुझ्या थर्मामीटरवर काही आलं नाही.

हाडाचं बघ. हाड म्हणजे मेलेलं लाकूड नव्हे, रोज आत मोडतोड आणि बांधणी चालू असते. एक प्रकारच्या पेशी जुनं हाड खातात, दुसऱ्या नवं घालतात. आपल्या शेताच्या बांधासारखं, पावसात थोडी माती जाणार आणि आपण परत घालणार. इस्ट्रोजेन त्या खाणाऱ्या पेशींना आवरून धरतं. ते गेलं की खाणारे मोकाट आणि घालणारे तेवढेच. पाळी गेल्यावरच्या पहिल्या पाच-सात वर्षांतच हाडाचा सगळ्यात जास्त तोटा होतो, काही बायकांत पाचवा हिस्सा जातो. मनगट, मणका आणि खुबा इथं आधी दिसतं. मनगट आधी मोडलं हे एका अर्थानं बरं झालं असं समज, खुबा मोडण्याआधी कळलं.

निपाणीची_मावशी

सिस्टर बोलल्या ते वाचून मला लिहावंसं वाटलं. मी 57 ची. वीस वर्षं तंबाखूच्या वखारीत काम केलं, दिवसभर ती धूळ नाकातोंडात, आणि घरी सकाळ-संध्याकाळ मिश्री. माझी पाळी 44 ला गेली, आपोआप, ऑपरेशन काही नाही. तेव्हा आमच्यात कुणी विचारायचंच नाही, गेली तर गेली, सुटलीस म्हणायचे.

पोरी तुझ्या आईला एक विचार, ती स्वतःहून सांगणार नाही, आम्ही कुणीच सांगत नाही. लघवीला जळजळ होते का? कोरडं वाटतं का? मला पाळी गेल्यावर तीन वर्षांनी सुरू झालं. दोन-दोन महिन्यांनी जळजळ, कळ, उठून सारखं जाणं, दरवेळी डॉक्टर अँटिबायोटिक द्यायचे, आठ दिवस बरं, परत तेच. एका वर्षात पाच कोर्स झाले. नवऱ्याजवळ जायला नको वाटायचं, दुखायचं, आणि ते सांगणार कुणाला? तो समजायचा हिला आता माझा कंटाळा आला. भांडणं झाली त्यावरून, पण खरं कारण मी कधी बोलले नाही.

शेवटी कोल्हापूरच्या एका बाई डॉक्टरांनी मला नीट बसवून विचारलं आणि आत लावायचं एक क्रीम दिलं, इस्ट्रिऑलचं म्हणजे इस्ट्रोजेनचंच, आधी दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. महिन्या-दीड महिन्यात जळजळ गेली ती गेलीच. मला इतकं रडू आलं, सात वर्षं मी उगाच काढली. म्हणून सांगते, सोसायचं असं कुणी म्हटलं तर ऐकू नको.

टिळकवाडी_मेडिकल

माझं मेडिकलचं दुकान आहे, बी.फार्म केलंय, डॉक्टर नाही. मावशींनी लिहिलं ते फार महत्त्वाचं आहे आणि दुकानात येणाऱ्या बायका ते क्रीम मागताना इतक्या हळू बोलतात की दोनदा विचारावं लागतं. त्याचं कारण साधं आहे, त्या जागेची आतली कातडी इस्ट्रोजेनमुळं जाड आणि ओलसर राहते, तिच्यात साखरेचा साठा असतो, त्यावर चांगले जंतू जगतात आणि आम्लपणा ठेवतात, त्यामुळं वाईट जंतूंना थारा मिळत नाही. इस्ट्रोजेन गेलं की ही सगळी साखळी तुटते. मग वर्षभर अँटिबायोटिक खाऊन काय होणार. ते क्रीम त्या जागेपुरतंच काम करतं, रक्तात अगदी थोडं जातं.

तंबाखूबद्दल, सिगारेट ओढणाऱ्या बायकांची पाळी सरासरी एक-दोन वर्षं आधी जाते हे पक्कं आहे. तंबाखू कुठल्याही रूपात हाडांना चांगली नाही, मिश्री सुटली असेल तर उत्तम.

आता कॅन्सरचं. ही भीती हवेतून आलेली नाही, म्हणून आत्तींना वेड्यात काढू नका, पण पूर्ण गोष्ट सांगा. अमेरिकेत विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाचा मोठा अभ्यास झाला. त्यात पाळी गेलेल्या 50 ते 79 वयाच्या बायका घेतल्या होत्या, सरासरी वय 63. ज्यांची पिशवी जागेवर होती अशा 16,608 बायकांपैकी काहींना इस्ट्रोजेन अधिक प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन) अशी जोडगोळी दिली, काहींना औषध नसलेली नुसती साधी गोळी. जुलै 2002 मध्ये तो भाग मधेच थांबवला कारण स्तनाचा कॅन्सर, रक्ताच्या गुठळ्या, अर्धांगवायू, हार्टचा त्रास हे जोडगोळीवाल्यांत जास्त दिसलं. किती जास्त? स्तनाच्या कॅन्सरचं सांगतो, दरवर्षी 10,000 बायकांमागं 30 च्या जागी 38. म्हणजे 8 जास्त. जगभर पेपरात मथळे आले आणि बऱ्याच बायकांनी गोळ्या फेकून दिल्या, डॉक्टरही लिहायला घाबरायला लागले, ती भीती अजून गेली नाही.

पण त्याच अभ्यासाचा दुसरा भाग कुणी सांगत नाही. पिशवी काढलेल्या 10,739 बायकांचा वेगळा गट होता, त्यांना नुसतं इस्ट्रोजेन किंवा साधी गोळी. तो भाग 2004 मध्ये थांबवला, तिथं अर्धांगवायूचा धोका थोडा वाढलेला दिसला, पण स्तनाचा कॅन्सर वाढला नाही, उलट पुढं बरीच वर्षं बघितलं तर कमीच निघाला. आणि खुब्याची फ्रॅक्चर कमी झाली. तुमच्या आई या दुसऱ्या गटासारख्या आहेत, पहिल्या नव्हे. शिवाय त्या 43 च्या आहेत, 63 च्या नाहीत. त्यांच्या वयाच्या बाईच्या अंगात हे हार्मोन असायलाच हवं होतं, डॉक्टर जास्तीचं काही घालत नाहीत, गेलेलं परत देतायत.

पिशवी असेल तर प्रोजेस्टेरॉन जोडीला का लागतं तेही सांगून टाकतो. नुसत्या इस्ट्रोजेननं पिशवीचं आतलं अस्तर वाढत राहतं आणि तिथं कॅन्सर होऊ शकतो, 1975 च्या सुमारास हे लक्षात आलं. प्रोजेस्टेरॉन ते अस्तर आवरून धरतं. पिशवीच नसेल तर आवरायचं काय, म्हणून अशा बाईला सहसा नुसतं इस्ट्रोजेन पुरतं. काही आजारांत अपवाद आहेत, उदाहरणार्थ एंडोमेट्रिओसिस, म्हणजे पिशवीच्या अस्तरासारखं अस्तर पिशवीच्या बाहेर वाढतं तो आजार, ते डॉक्टर बघतात.

खानापूरची_लेक

सिस्टर, कागद सापडला. रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत होता. लिहिलंय, टीएएच विथ बीएसओ.

मला हे लिहिताना हात थरथरायलेत. आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. मी स्वतः तिथं होते त्या दिवशी. सही घ्यायला कागद आणला तो कन्नडमध्ये होता, मला बोलता येतं बाजारापुरतं, वाचता येत नाही, बाबांना तर अजिबात नाही. मी विचारलं काय लिहिलंय, तर म्हणाले ऑपरेशनची परमिशन हो, सगळ्यांचीच घेतो. बाबांनी सही केली, आईचा अंगठा घेतला. तिला सही येते. तरी अंगठाच घेतला. त्या कागदात अंडाशयांचं लिहिलेलं असणार, पण आम्हाला मराठीत दोन वाक्यं कुणी बोललं असतं तर मी विचारलं असतं ना, ती का काढताय म्हणून.

रिपोर्टमध्ये अंडाशयं नॉर्मल असं लिहिलंय. नॉर्मल होती तर काढली का?

मावशी, आईला विचारलं. आधी ती गप्प बसली आणि मग म्हणाली "होतंय गं, दोन वर्षं झाली." तुम्ही लिहिलं नसतं तर मी जन्मात विचारलं नसतं. थँक्यू.

आता प्रश्न. किती वर्षं घ्यायचं? कायमचं? आणि गोळी चांगली का ते पोटावर लावायचं पॅच की जेल म्हणतात ते? आणि नाचणी खाऊन, गुडघ्याला तेल लावून भागेल का असं आईनं विचारलंय, तिला गोळ्यांचा कंटाळा आहे.

हुक्केरीची_सिस्टर

रडू नको बाळ. आणि स्वतःला दोष देऊ नको, सांगणं हे त्यांचं काम होतं. नॉर्मल अंडाशयं का काढतात तर पुढं कधी त्यांचा कॅन्सर नको म्हणून, असा विचार पूर्वी सर्रास व्हायचा, पोट उघडलंच आहे तर काढून टाकू. घरात आई-मावशी-बहिणीला स्तनाचा नाहीतर अंडाशयाचा कॅन्सर असेल, तसा जीन्सचा दोष असेल तर तो विचार बरोबर आहे. पण ज्या बाईला तसं काही नाही आणि वय चाळीस, तिची चांगली अंडाशयं काढली तर हाडं, हार्ट, झोप, मन या सगळ्यावर त्याची किंमत मोजावी लागते, आणि 45 च्या आत काढली तर हार्टचा धोका वाढतो हे आता सगळे मानतात. इस्ट्रोजेन असताना चांगलं कोलेस्टेरॉल वर राहतं, वाईट खाली राहतं, नसा लवचिक राहतात. म्हणून तर बायकांना हार्ट अटॅक पुरुषांपेक्षा उशिरा येतात. आईचं बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल हेही बघून घ्या, नुसत्या हाडांवर थांबू नका.

किती वर्षं तर साधारण पाळी जायच्या नैसर्गिक वयापर्यंत, म्हणजे पन्नासच्या आसपास, मग डॉक्टर परत बसून ठरवतील. आपल्याकडं बायकांची पाळी सरासरी 46-47 ला जाते, पण अशा केसमध्ये पन्नासपर्यंत द्यायची पद्धत आहे. कायमचं नाही.

सुरू करायच्या आधी डॉक्टरांना हे सगळं सांग, लपवू नका. स्तनात गाठ किंवा कॅन्सर कधी होता का, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली होती का, अर्धांगवायू, हार्ट अटॅक, लिव्हरचा चालू आजार. यातलं काही असेल तर हार्मोन चालत नाही, वेगळी औषधं असतात. थायरॉइडची टीएसएच टेस्टही करून घ्या, घाम, धडधड, चिडचिड थायरॉइडनंही होते आणि चाळिशीतल्या बायकांत ते सारखं सापडतं. एफएसएच, म्हणजे अंडाशयांना कामाला लावणारं डोक्यातलं हार्मोन, त्याची टेस्ट करायची गरज नाही, अंडाशयंच नाहीत तर ते वाढलेलं असणारच, उगाच पैसे जातील. डेक्सा स्कॅन मात्र कराच, हाडाची घनता मोजतात तो. त्यातला टी-स्कोअर उणे एकच्या खाली म्हणजे हाड थोडं विरळ, उणे अडीच किंवा त्याच्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार.

नाचणी खाऊ दे की, भरपूर खाऊ दे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि तिला दिवसाला हजार-बाराशे लागतं, घरच्या म्हशीचं दूध-ताक आहे, आंबील कर, भाकरी कर. व्हिटॅमिन डी तपासा. पण कॅल्शियम म्हणजे माती झाली, बांध घालणारा माणूस नव्हे. खाणाऱ्या पेशी मोकाट असताना नुसती माती ओतून बांध उभा राहत नाही. तेलानं गुडघ्याला बरं वाटेल, हाडाला नाही.

टिळकवाडी_मेडिकल

गोळी का जेल याबद्दल. गोळी पोटातून आधी लिव्हरमध्ये जाते आणि तिथं रक्त गोठवणारी द्रव्यं थोडी वाढवते, म्हणून गुठळीचा धोका गोळीत जास्त. कातडीवरून जेल किंवा पॅचनं दिलं तर ते लिव्हरला वळसा घालून सरळ रक्तात जातं, धोका तसा वाढलेला दिसत नाही. वजन जास्त असेल, बीपी असेल, मायग्रेन असेल तर डॉक्टर सहसा जेलच देतात. पॅच आपल्याकडं सहज मिळत नाही, जेल मिळतं. दंडावर किंवा मांडीवर लावायचं, वाळू द्यायचं, लावल्यावर हात धुवायचे, लहान मुलाला लगेच उचलून घ्यायचं नाही. आणि गोठ्यात घाम येतो म्हणून सकाळी काम आटपून अंघोळीनंतर लावायला सांगा.

चिकोडी_बायोसर

मी पीयूसीला (अकरावी-बारावीला) बायोलॉजी शिकवतो. वरचं सगळं वाचलं, सिस्टरांनी बांधाचं जे सांगितलं ते मी उद्या वर्गात वापरणार आहे. दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात, कारण आमच्या पुस्तकात इस्ट्रोजेन स्त्रीचं आणि टेस्टोस्टेरॉन पुरुषाचं असं लिहून मोकळे होतात आणि मुलं तेच डोक्यात घेऊन जातात, मग मोठी झाल्यावर आईला म्हणतात तुला आता हार्मोनचं काय काम.

पहिली गोष्ट, पुरुषांच्या हाडांनाही इस्ट्रोजेनच लागतं. पुरुषाच्या शरीरात अरोमाटेज नावाचं एन्झाइम टेस्टोस्टेरॉनचाच काही भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलत असतं. 1994 साली एका 28 वर्षांच्या पुरुषाची केस छापून आली. त्याच्या अंगात टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित, इस्ट्रोजेनही होतं, पण इस्ट्रोजेन पकडणारी जागाच जन्मतः बिघडलेली. त्याची उंची 204 सेंटिमीटर झाली होती आणि अजून वाढतच होती, कारण हाडांची टोकं बंद व्हायचा निरोप त्याच्या हाडांना मिळतच नव्हता, आणि एवढ्या उंच दणकट माणसाची हाडं आतून म्हाताऱ्या बाईसारखी विरळ. त्या एका माणसामुळं सगळ्यांना कळलं की हाड भरायचं काम स्त्री असो पुरुष असो, इस्ट्रोजेनकडंच आहे. तेव्हा ताई, तुमच्या बाबांना हे नक्की सांगा. त्यांच्या हाडांनाही तेच हार्मोन धरून आहे.

दुसरी, अंडाशयं गेल्यावर इस्ट्रोजेन अगदी शून्य होत नाही. किडनीच्या वर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथीतून कच्चा माल येतो आणि शरीरातली चरबी त्याचं इस्ट्रोन नावाचं इस्ट्रोजेन बनवते. ते कमी ताकदीचं असतं. हेच इस्ट्रोन 1929 मध्ये सगळ्यात आधी शुद्ध स्वरूपात हाती लागलं, अमेरिकेत डॉइझी आणि जर्मनीत ब्युटेनान्ट यांनी वेगवेगळं काम करून, गरोदर बायकांच्या लघवीतून. पण शेतात राबणाऱ्या बारीक अंगाच्या बाईकडं चरबीच कुठं असते, म्हणून आमच्या भागातल्या कष्टकरी बायकांना अंडाशयं गेल्यावर हा आधारही थोडाच.

आमच्या पट्ट्यात दर दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बीडकडच्या बायका बऱ्याच. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याची बातमी सगळीकडं आली होती, चाळिशीही न गाठलेल्या बायका. सगळे पिशवीबद्दलच बोलत होते, पाळीची सुट्टी, मुकादमाचा दंड. ते बोलायलाच हवं होतं. पण त्यातल्या किती जणींची अंडाशयंही गेली आणि डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढणाऱ्या त्या बाईच्या मणक्याचं पुढं काय होणार, हे विचारणारं मला तरी कुणी दिसलं नाही.

खानापूरची_लेक

सहा आठवडे झाले, सांगायचं राहिलं होतं.

डेक्सा केला. मणक्याचं उणे 2.7 आलं. डॉक्टर म्हणाल्या 43 ला हे बरं नाही पण वेळेत आलात. थायरॉइड ठीक आहे, व्हिटॅमिन डी लई कमी होतं त्याचं चालू केलंय. जेल सुरू होऊन महिना झाला. सरांनी सांगितल्याप्रमाणं बाबांना त्या उंच माणसाची गोष्ट वाचून दाखवली, दोनदा वाचायला लावली, आणि आता सकाळी तेच आईला आठवण करतात, "लावलंस काय ते?"

पहिले दहा-बारा दिवस काही फरक नव्हता. मग एका रात्री मी पाणी प्यायला उठले आणि सवयीनं कट्ट्याकडं बघितलं तर कुणी नाही. घाबरले. आत जाऊन बघितलं तर आई झोपलेली, अंगावर गोधडी. दोन वर्षांत तिनं अंगावर गोधडी घेतली नव्हती. मी तिथंच उंबऱ्यात बसून राहिले थोडा वेळ.

पण आज दुसऱ्याच कामासाठी लिहायलेय. ज्या आत्ती सोसायचं म्हणत होत्या त्या काल संध्याकाळी आल्या, पदराखाली फाइल. त्यांची मुलगी, माझी आतेबहीण, 38 ची, तिलाही अंगावरून जातंय, चार सेंटिमीटरची गाठ आहे, पिशवी काढायला तारीख दिलीय तीन आठवड्यांनी. आत्ती मला म्हणाल्या, "त्या तुझ्या सिस्टरला विचार, आमच्या पोरीचं ते बदामाएवढं ठेवतील का?" सिस्टर, काय विचारायचं डॉक्टरांना ते सांगा. यावेळी मी आधी विचारून जाणार.

हुक्केरीची_सिस्टर

आईचं वाचून डोळे भरले बघ. वाफा जायला महिना-दोन महिने लागतात, अजून कमी होतील.

बहिणीचं. पहिला प्रश्न डॉक्टरांना हा विचारा की पिशवी काढायलाच हवी का. चार सेंटिमीटरची गाठ आहे, कुठं आहे त्यावर सगळं आहे, पिशवीच्या आत डोकावत असेल तर दुर्बिणीतून तेवढीच काढता येते. रक्त कमी जाण्यासाठी पाळीच्या दिवसांत घ्यायच्या ट्रॅनेक्सामिक ॲसिडच्या गोळ्या आहेत. पिशवीत बसवायची हार्मोनची तांबीसारखी वस्तू असते, ती पाच वर्षं किंवा जास्त चालते आणि रक्तस्राव खूप कमी करते, गाठ आत वाकडी बसली नसेल तर. हे आधी करून बघितलं का विचारा. पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवलाय का तेही विचारा.

दुसरा प्रश्न, काढायचीच असेल तर अंडाशयं ठेवणार का. घरात स्तनाचा, अंडाशयाचा कॅन्सर कुणाला होता का हे आत्तींना नीट आठवायला सांग, बहिणीच्या सासरचं नको, आत्तींच्या आणि त्यांच्या नवऱ्याच्या रक्ताच्या नात्यातलं. नसेल आणि अंडाशयं चांगली असतील तर ठेवा म्हणून स्पष्ट सांगा. नळ्या काढू द्यात, त्या काढल्यानं अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका कमी होतो आणि हार्मोनचं काही बिघडत नाही.

तिसरं, संमतीचा कागद. सही करायच्या आधी मराठीत वाचून दाखवा म्हणा, हक्कानं म्हणा, लाजू नका. आणि अंडाशयं काढायची नाहीत असं त्या कागदावर लिहून घ्या, तोंडी नको. बहीण सही करत असेल तर तिची सहीच घ्या, अंगठा नाही.

रक्त किती आहे तिचं? आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट इथं टाइप कर जमलं तर, गाठ नक्की कुठं लिहिलीय बघूया.